एका वाफेची चार कामं

साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाउसमध्ये चार-पाच उंच भांडी ओळीनं उभी असतात. कामगार त्यांना 'बॉडी' म्हणतात. रसातलं पाणी उडवायचं काम त्यांचं. पण बाहेरची वाफ मिळते ती मुख्यतः पहिलीला. तिच्यात रस उकळून जी वाफ निघते ती दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला. पुढे पुढे दाब उतरत जातो, म्हणून रस कमी तापमानालाही उकळतो. किलोभर वाफेवर चार बॉडी मिळून जवळजवळ चार किलो पाणी उडवतात. वाफ कमी लागली की बॉयलरचं जळण, म्हणजे उसाचा चोथा (बगॅस), वाचतो; वाचलेल्या बगॅसवर वीज होते. सहवीजनिर्मितीचं सध्या इतकं कौतुक चालतं, त्याचा पाया हा!

ही जोडणी नॉर्बर्ट रिल्यूची. जन्म 1806, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय. तेव्हा लुइझियानात रस उघड्या कढयांच्या रांगेत आटायचा आणि गुलाम माणसं तो उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतायची. रिल्यूचं पेटंट 1843 चं, सुधारित 1846 चं.

हवा काढून कमी दाबावर रस उकळणारी निर्वात कढई त्याच्या आधीची, इंग्लंडच्या हॉवर्डची. तिच्यावर वाद नाही. वाफ पुन्हा वापरण्याच्या श्रेयाचा वाद आहे तो देग्रां या फ्रेंच माणसाच्या नावावर. निर्वात कढईतली वाफ त्यानं नळ्यांतून नेली आणि नळ्यांवर बाहेरून थंड रस सोडला. वाफ निवायची आणि रस थोडा आटायचा. म्हणजे वाफेचा दुसरा उपयोग रिल्यूच्या आधीच झाला होता, हे मान्य करायलाच हवं. पण देग्रांचा रस आटायचा उघड्या हवेत, त्याची वाफ हवेतच जायची. साखळी तिथेच तुटली. रिल्यूनं तो रसही निर्वात भांड्यात कोंडला, म्हणून तिसरं, चौथं भांडं जोडता आलं. माझ्या मते सगळं श्रेय या कोंडण्याला आहे.

मग ही कल्पना त्याला सुचली कुठून? साखरेच्या कढईतून नाही, असं मला वाटतं. रिल्यू पॅरिसमध्ये शिकला, तिथेच त्यानं वाफेच्या इंजिनावर लिहिलं आणि शिकवलंही. त्या काळी फ्रान्समध्ये वुल्फचं इंजिन चांगलंच रुळलं होतं. त्याचं पेटंट 1804 चं. पहिल्या सिलिंडरमधून सुटलेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या, कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये राबवायची, हे त्याचं तत्त्व. वाफेला दाबाच्या पायऱ्या उतरायला लावून प्रत्येक पायरीवर काम करून घ्यायचं. सिलिंडरच्या जागी रसाचं भांडं ठेवा, रिल्यूचं यंत्र तयार! त्यानं हे कबूल केल्याचा कागद माझ्या हाती नाही. तरी इंजिन शिकवणाऱ्याच्या डोक्यात ही जोडी बसली नसेल, हे मला पटत नाही.

पुढे दूध पावडर, टोमॅटो प्युरी, फळांचे घट्ट रस यांच्या कारखान्यांनी हीच रचना उचलली. साखरेच्या पाठ्यपुस्तकांत आजही 'रिल्यूचे नियम' शिकवतात. पुढच्या गळीत हंगामात कारखाना पाहायला गेलात, तर चीफ केमिस्टला विचारा: तुमच्याकडे बॉडी किती, आणि शेवटच्या बॉडीची वाफ कुठे जाते?