हात दाखवून वळण

घाटात ट्रकच्या डाव्या खिडकीतून बाहेर आलेला क्लीनरचा हात ज्यानं पाहिला आहे, त्याला इंडिकेटरची कुळकथा निम्मी कळलेली आहे. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. डाव्या बाजूला त्याचा हात पोचत नाही, म्हणून तिथे दुसऱ्याचा हात ठेवावा लागतो. इंडिकेटर म्हणजे याच हातांची जागा घेणारा दिवा. आणि खूप जुन्या गाडीला तो आज बसवायचा झाला, तर आधी या हाताची गोष्ट माहीत हवी.

मोटार आली तेव्हा तिला ना इशाऱ्याचा दिवा होता, ना ब्रेकचा. घोडागाडीचा रिवाजच पुढे चालू राहिला. ब्रिटनमध्ये 1931 साली पहिला हायवे कोड निघाला, त्यात मोटारवाल्यांच्या हाताच्या खुणांबरोबर घोडागाडीवाल्यांच्या चाबकाच्या खुणाही दिल्या होत्या. आपल्याकडे आजही पाच खुणा शिकवल्या जातात: उजवा हात आडवा बाहेर काढून तळवा पुढे केला की उजवीकडे वळणार, तळवा खाली ठेवून हात वरखाली केला की वेग कमी करणार, हात कोपरातून सरळ वर धरला की थांबणार, हात अर्धगोलात मागेपुढे झुलवला की मागच्यानं पुढे जावं, आणि हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवला की डावीकडे वळणार. लायसन्सच्या परीक्षेसाठी आपण त्या पाठ करतो आणि गेटाबाहेर पडताच विसरतो. त्यातली शेवटची खूण पाहण्यासारखी आहे. डावीकडे जायचं, पण डावीकडे दाखवता येत नाही, म्हणून उजवा हात गोल फिरवायचा. जी भाषा हातानं बोलता येत नव्हती, ती ओढूनताणून बोलून घेतलेली.

मग यंत्राचा हात करायची धडपड सुरू झाली. अमेरिकेत पर्सी डग्लस-हॅमिल्टन यांना 1909 साली एक पेटंट मिळालं, त्यातले दिवेच मुळी हाताच्या आकाराचे होते. 1914 च्या सुमाराला मूकपटांतली प्रसिद्ध नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिनं आपल्या गाडीच्या मागे दांडा बसवला. बटण दाबलं की तो वरखाली होऊन वळणाची दिशा सांगायचा. ब्रेक दाबला की थांबत असल्याची पाटी वर यायची. तिनं पेटंट घेतलं नाही, तिला त्यातून पैसाही मिळाला नाही.

पुढची पिढी आली ती आगगाडीच्या सिग्नलवरून. स्टेशनाबाहेरच्या खांबावरचा तो पडणारा-उठणारा हात लहान होऊन मोटारीच्या दाराच्या खांबात शिरला. जर्मनीत बॉश कंपनीनं 1928 पासून असा हात विकायला काढला. ब्रिटनमध्ये त्याला ट्रॅफिकेटर म्हणू लागले. रचना साधी होती. खांबात तारेचं वेटोळं असायचं. त्यातून वीज गेली की त्याचं चुंबक व्हायचं, ते लोखंडी दांडी ओढून घ्यायचं आणि नारिंगी हात टुणकन आडवा व्हायचा. हाताच्या आत इवलासा दिवा. वीज बंद केली की हात स्वतःच्या वजनानं खाली पडायचा. अर्थात पडलाच तर. पावसात गंज, उन्हाळ्यात धूळ, आणि हात अडकलेला! मग ड्रायव्हर आतून खांबावर मूठ हाणायचा. बाहेर राहिलेला हात एखाद्या सायकलवाल्याच्या धक्क्यानं मोडायचा तो वेगळाच. एवढं असूनही हे हात टिकले. फोक्सवॅगन बीटलवर ते युरोपात 1960 पर्यंत होते, मॉरिस मायनरवर 1961 पर्यंत.

दरम्यान अमेरिकेत हाताचा आकारच गळून पडला. ब्यूइक कंपनीनं 1939 च्या गाड्यांना मागच्या बाजूला लुकलुकणारे दिवे दिले आणि पुढच्याच वर्षी पुढेही बसवले. या दिव्याचं सगळं मर्म लुकलुकण्यात आहे. गाडीच्या मागे रात्री एक दिवा कायम पेटलेला असतो, दुसरा ब्रेक दाबल्यावर पेटतो. तिसराही नुसता पेटला तर तो त्या गर्दीत हरवणार. डोळा मात्र स्थिर उजेडापेक्षा हलणारा उजेड आधी टिपतो. म्हणून मिनिटाला 60 ते 120 वेळा उघडझाप, हे माप जवळजवळ जगभर ठरून गेलं. ती उघडझाप करायची कशी? तापली की वाकणारी आणि गार झाली की सरळ होणारी धातूची पट्टी त्यासाठी वापरली. दिव्याकडे जाणाऱ्या विजेनंच ती तापायची, वाकली की जोड तुटायचा, गार झाली की पुन्हा जुळायचा. जुन्या गाडीत ऐकू येणारी टिकटिक तीच.

हात गेला आणि दिवा आला, असं आपण म्हणतो. कायदा मात्र तसं म्हणत नाही. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 121 व्या कलमात मूळ धरलाय हातच. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीला वळण्याचा इशारा यंत्रानं किंवा विजेनं देता 'येईल', अशी सवलत आहे. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला मात्र तो तसाच द्यावा 'लागेल'. कारण उघड आहे. तिथे ड्रायव्हरचा हात रस्त्याच्या कडेला, फुटपाथच्या बाजूला निघतो, मागच्याला तो दिसणार कसा? अमेरिकेहून आलेल्या डाव्या हाताच्या जुन्या गाडीला आपल्या रस्त्यावर इंडिकेटर म्हणजे अलंकार नव्हे, परवानगीची अट आहे.

आता जुन्या गाड्यांकडे येऊ. ब्रिटनमध्ये 1936 पूर्वी रस्त्यावर आलेल्या गाडीला इंडिकेटरची सक्तीच नाही. पण सक्ती नसली तरी मालक ते बसवून घेतात. कारण मागचा माणूस बदललाय. आजचा ड्रायव्हर दाराच्या खांबाकडे पाहत नाही, खिडकीतून निघालेला हात त्याला रागाचा किंवा सिगारेटची राख झटकणारा वाटतो. त्याची नजर शिकलेली आहे फक्त एका गोष्टीसाठी: गाडीच्या मागच्या कोपऱ्यातली पिवळी उघडझाप. ट्रॅफिकेटर आजही चोख चालतो, पण ती लिपी वाचणारे उरले नाहीत. मोडी अक्षर कितीही सुबक असलं तरी ते वाचणाराच हवा, तसं हे.

दिवा बसवणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या गाड्यांत पुष्कळदा बॅटरी 6 व्होल्टची असते, बाजारातले दिवे 12 व्होल्टचे. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचं ऋण नव्हे, धन टोक चेसिसला जोडलेलं असतं. साध्या बल्बला त्याचं सोयरसुतक नसतं, एलईडीला असतं. त्यात एलईडी वीज इतकी कमी खातो की ती धातूची पट्टी तापतच नाही आणि दिवा लुकलुकण्याऐवजी नुसता पेटून राहतो. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणायचा, तोही उलट्या टोकांना चालणारा. एवढं जुळवूनही शेवटी प्रश्न उरतोच की भोक पाडायचं का?

जाणकार कारागीर भोक पाडत नाहीत. नंबर प्लेटच्या बोल्टवर किंवा सामानाच्या कॅरिअरवर दिवा अडकवतात, पुढच्या छोट्या दिव्यात दोन तारांचा बल्ब बसवून त्याच काचेमागून इशारा देतात, नवी वायर जुन्या सुती वेष्टणाच्या वायरीशेजारून नेतात. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या ट्युरिन सनदेनंही हेच तत्त्व धरलंय: रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी भर घालावी लागली तर ती नजरेत न खुपणारी आणि पुन्हा काढता येण्यासारखी असावी. आपल्याकडे 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, रोजच्या वापराला मनाई. अट ही की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा. बोल्टला अडकवलेला दिवा या तिन्हींपैकी कशालाच हात लावत नाही.

सुरक्षेसाठीच बसवायच्या सीटबेल्टचं गणित मात्र इतकं सोपं नाही. निल्स बोलीन यांचा तीन टोकांचा पट्टा 1959 साली व्होल्वोच्या गाड्यांत आला. पण त्याचं बळ पट्ट्यात कमी आणि टोकं जिथे रोवली त्या जागेत जास्त. 1920-30 च्या कित्येक गाड्यांचा सांगाडा लाकडाचा, वर पत्रा. त्यात बेल्ट ठोकला तर धक्क्याला बोल्टच लाकडातून उपटून येण्याची भीती. शिवाय बेल्ट वाचवतो आतल्याला, तेव्हा तो लावायचा की नाही हे मालकानं स्वतःच्या जिवाशी ठरवावं. इंडिकेटरवर मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचाही जीव अवलंबून असतो.

म्हणून जुन्या गाडीचा शहाणा मालक दोन्ही करतो: दिवा लावतो आणि हातही दाखवतो. एक नजरेतून सुटला तरी दुसरा दिसावा, ही त्यामागची साधी भावना. रॅली संपून प्रदर्शनात गाडी उभी राहिली की तो पिवळा दिवा उतरवून डिकीत जातो, गाडी पुन्हा 1930 ची होते. परतीच्या वेळी तो परत अडकवतात. मग मालक आत बसतो, बटण दाबतो आणि मान बाहेर काढून कुणाला तरी मागे उभं राहायला सांगतो. गाडीतला हा दिवा चालवणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. नव्वद वर्षांच्या गाडीतही आणि कालच शोरूममधून आणलेल्या गाडीतही तो चालतोय का, याची डोळ्यांनी खात्री करायची तर दुसऱ्यालाच विचारावं लागतं:

"डावा लागतोय का रे?"