वाडीच्या टोकाचा बिघाड

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी आणि भिऱ्याचे जलविद्युत केंद्र एकाच जिल्ह्यातले. मुळशीचे पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी १९२७ मध्ये भिऱ्याला वीजनिर्मिती सुरू केली. वीज मात्र मुंबईकडे गेली. खेडोपाडी तारा ओढण्याचे काम मुख्यतः १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या वाट्याला आले. आधी शहर, मग वाडी हा विजेचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. तारेतला बिघाड ओळखण्याच्या विद्येनेही तोच क्रम धरला, आणि तो आज धोक्याच्या उलट दिशेने चालतो आहे.

आरंभी फ्यूज आणि ओव्हरकरंट रिले होते. प्रवाह वाढला की लाइन बंद पडे. बिघाड कुठे झाला ते कळत नसे. १९२० च्या दशकात आलेला डिस्टन्स रिले व्होल्टेजला प्रवाहाने भागून बिघाडाचे अंतर ताडू लागला. वाहिनीच्या साधारण ८० टक्के लांबीतला बिघाड तो तत्काळ तोडतो, त्यापलीकडच्या बिघाडासाठी किंचित थांबतो. आता अतिउच्चदाब वाहिन्यांवर बिघाडातून उठलेली लाट दोन्ही टोकांना केव्हा पोचली यावरून जागा काढता येते. मायक्रोसेकंदाला सुमारे ३०० मीटर हा तिचा वेग. डोंगरातल्या ११ केव्हीच्या फाट्यावर मात्र फीडर ट्रिप झाला, म्हणजे लाइन उपकेंद्रात बंद पडली, की लाइनमन लाइनचे तुकडे वेगळे करणारे एबी स्विच उघडून एकेक तुकडा चार्ज करून बघतो आणि जिथे लाइन टिकत नाही तिथे पायी फिरतो. तडकलेला पिन इन्सुलेटर खालून दिसतही नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड जिल्ह्यातले कितीतरी फाटे असेच माणसांनी चालून उभे केले.

मोठी वाहिनी गेली तर लाखोंची वीज जाते, वाडीची गेली तर मोजक्या घरांची. मग खर्च मोठीवरच करावा, असे कुणी म्हणेल. पुरवठ्यापुरता हा हिशेब बरोबर आहे, जिवापुरता नाही. बारीक तार तुटून कातळावर पडली तर जमिनीत फारच थोडा प्रवाह उतरतो. उपकेंद्रातल्या रिलेला तो नेहमीच्या भारासारखा वाटतो आणि तार जिवंत राहते. मग रिले अधिक नाजूक का करू नये? कारण भारालाच बिघाड समजण्याची चूक महाग पडते. ३१ जुलै २०१२ ला बीना–ग्वाल्हेर वाहिनी प्रत्यक्ष बिघाड नसताना वाढलेल्या भाराने ट्रिप झाली आणि देशाच्या तीन विभागांत अंधार पसरला. भूमिगत केबलही सरसकट उत्तर नव्हे. दरडींच्या मुलखात ती तुटली की शोधायला आणखी अवघड.

वाट वेगळी आहे. तार तुटल्याचे उपकेंद्रात दिसले नाही, तरी तिच्या पलीकडच्या ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज लगेच बिघडते. ते पाहून उपकेंद्राला कळवणारे मीटर आज उपलब्ध आहेत. म्हणजे हा बिघाड सर्वांत स्पष्ट दिसतो तो वाडीच्या टोकाला. संरक्षणाची विद्या शंभर वर्षे उपकेंद्रातून बाहेर पाहत आली. डोंगराळ मुलखात तिने टोकाकडून उपकेंद्राकडे पाहायला हवे, आणि खर्चाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.