हार्ड डिस्कवरच्या भिंती कशा सरकल्या

‘पार्टिशन’ हा शब्द ऐकला की आपल्याला आधी १९४७ आठवते. मराठीत फाळणी, उर्दूत तक्सीम. संगणकाच्या जगातही हा शब्द आहे, आणि तिथेही बरीच वर्षे एकदा ओढलेली रेघ हलत नसे. ती हलवता कशी आली, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

१९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी बाजारात आला. त्याची हार्ड डिस्क १० एमबीची होती. आज मोबाइलमधले दोन-तीन फोटो तेवढी जागा घेतात. त्याच काळात डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये वाटणीचा तक्ता ठेवायला सुरुवात केली. ५१२ बाइटच्या त्या सेक्टरमध्ये तक्त्याला ६४ बाइट मिळाले. एका नोंदीला १६ बाइट, म्हणजे एकूण चारच नोंदी. कोणता हिस्सा कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे, हे तिथे लिहिलेले असते.

हा आकडा बदलणे सोपे आहे. अडचण आतली आहे. कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब फाइल सिस्टिम वेगळा ठेवते. तिला न सांगता सीमा आत ओढली, तर सीमेबाहेर राहिलेल्या फाइली गेल्याच म्हणून समजा. त्यामुळे सगळा मजकूर दुसरीकडे उतरवायचा, डिस्क पुसायची आणि नव्याने वाटणी करायची, हाच मार्ग होता.

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केले. ते फुकट होते, पण त्याला डिस्कवर स्वतंत्र जागा हवी होती. घरात संगणक एकच, डिस्क एकच, आणि तिच्यावर डॉस किंवा विंडोज पसरलेले. नवे शिकण्यासाठी जुने पुसायची हिंमत किती जणांकडे असणार?

आर्नो शेफर यांच्या ‘फिप्स’ने यावर पहिला तोडगा दिला. आधी डीफ्रॅग करून सगळ्या फाइली डिस्कच्या सुरुवातीला गोळा करायच्या. मग फिप्स शेवटची मोकळी जागा कापून वेगळा हिस्सा करून देई. मात्र ते फक्त कापू शकत असे, वाढवू शकत नसे.

दुसरीकडे, अमेरिकेतल्या पॉवरक्वेस्ट कंपनीचे ‘पार्टिशन मॅजिक’ हे काम सफाईने करत असे, पण ते विकत घ्यावे लागे. लिनक्सच्या ईएक्सटी२ या फाइल सिस्टिमचा आकार बदलणारा ‘रीसाइझ२एफएस’ थिओडोर त्सो यांनी लिहिला. त्याच्या कोडवर त्यांच्यासोबत पॉवरक्वेस्टचेही नाव आहे, आणि तो कोड आज सर्वांना खुला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अँड्र्यू क्लॉसेन आणि लेनर्ट बाउटेनहेक यांनी ‘पार्टेड’ हाती घेतले. विंडोजच्या एनटीएफएसची अंतर्गत रचना मायक्रोसॉफ्टने खुली केली नव्हती. ती लोकांनी बाहेरून तपासून उलगडली, आणि साबोल्च साकाचित्श यांनी ‘एनटीएफएसरीसाइझ’ लिहिले. २००४ मध्ये बार्ट हाक्वोर्ट यांचे ‘जीपार्टेड’ आले, आणि त्यातही माउसने पट्टी ओढून सीमा सरकवता येते.

क्रम मात्र आजही तोच आहे. हिस्सा लहान करताना आधी फाइल सिस्टिम आवळायची, मग सीमा आत घ्यायची. वाढवताना आधी सीमा बाहेर न्यायची, मग फाइल सिस्टिम पसरवायची. वापरात असलेली ईएक्सटी४ लहान करता येत नाही, म्हणून संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. आणि मध्येच वीज गेली तर सगळेच धोक्यात येते, म्हणून बॅकअप आधी घ्यायचा.

एका संगणकावर अनेकांचे काम चालणाऱ्या शाळेत या इतिहासाचे मोल कळते. मुलांना लिनक्स दाखवण्यासाठी तिथे कार्यालयाचा दाखल्यांचा मजकूर पुसावा लागत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी आपले काम एकमेकांसाठी उघडे ठेवले, म्हणून कुणाला घराबाहेर न काढता भिंत सरकवता आली.