वस्तरा कुणाच्या हातात? पाण्याच्या दाढीचा एक सामाजिक इतिहास

‘बिनपाण्याने हजामत करणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पाण्याशिवाय दाढी म्हणजे छळ, हे आपल्या भाषेने कधीच ठरवून टाकलंय. गेल्या काही वर्षांत मात्र ‘वेट शेव्हिंग’ या नव्या नावाने तीच गोष्ट शौकीन लोकांमध्ये परत आली आहे. दुधारी ब्लेडचा जुना रेझर, केसांचा ब्रश, वाटीत घोटलेला साबण, शेवटी तुरटीचा खडा. काही जण तर सरळ वस्तराच हातात घेतात. आपल्या सुरतेतही जुन्या भांड्याकुंड्यांत पितळी रेझर शोधणारे भेटतात.

हा शौक मला आवडतो. पण ‘परंपरागत दाढी’ म्हणताना नेमकी कुठली परंपरा, हे एकदा तपासून बघायला हवं. कारण या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत.

आधी शब्द पाहू. ‘हजामत’ शब्दाचं मूळ अरबी ‘हिजामा’त आहे, आणि हिजामा म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणं. हज्जाम म्हणजे ते काम करणारा. आपल्याकडची म्हण काय सांगते? ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.’ म्हणजे आपल्या गावचा न्हावीही नुसता केस कापणारा नव्हता, तुंबड्या लावणं हेही त्याच्याकडे होतं. वस्तरा हा शब्द फारसी ‘उस्तुरा’वरून आला, सुरतेचा गुजराती माणूस त्यालाच ‘अस्त्रो’ म्हणतो. इथे न्हाव्याला वाळंद किंवा हजाम म्हणतात, महाराष्ट्रात हा समाज आज स्वतःला नाभिक म्हणवतो. संस्कृतात वस्तऱ्याला क्षुर म्हणतात, त्यावरून क्षौर, आणि क्षुरिकेवरून आपली घरातली सुरी. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केस काढण्याच्या विधीचं एक छोटं सूक्त आहे, त्यात क्षुर आहे आणि गरम पाणीसुद्धा आहे. पाणी हवंच, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

त्यामागचं कारण साधं आहे. केस केराटिनचा असतो. तो पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो. कोरडा केस कापायला जेवढा जोर लागतो, त्याच्या मानाने दोन-तीन मिनिटं भिजलेल्या केसाला बराच कमी लागतो. खेड्यातला न्हावी साबण वापरतच नसे. वाटीतलं पाणी बोटांनी गालावर चोळत राहायचा, गप्पा मारत. त्या गप्पांचा वेळ हाच केस भिजण्याचा वेळ होता. साबण आणि ब्रश शहरात आले आणि तेच काम फेसाने होऊ लागलं. फेस पाणी धरून ठेवतो आणि पात्याला घसरायला जागा देतो. बोअरच्या जड पाण्यात मात्र साबणाचा चोथा होतो, फेस धरत नाही. हा शौक नव्याने करणाऱ्याने ब्रश बदलण्याआधी पाणी बदलून पाहावं.

आता पहिली परंपरा: धोकटी. न्हाव्याच्या त्या चामडी पिशवीत वस्तरा, कातर, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा, वाटी, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा. हा माणूस बारा बलुतेदारांतला. रोख पैसा नाही. वर्षभर गावाची डोकी आणि दाढ्या करायच्या आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं. याच समाजातून संत सेना महाराज आले, प्रतापगडावर उभा राहिलेला जिवा महाला आला, पन्हाळ्याहून राजांना निसटता यावं म्हणून त्यांचा वेष घेऊन मेलेला शिवा काशिद आला. या नावांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, आणि करावाच.

पण या व्यवस्थेत एक मोठी अट होती. गावाची दाढी म्हणजे सगळ्या गावाची दाढी नव्हे. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहिलं आहे. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते, तरी भावांचे केस मोठी बहीण कापायची. कारण अस्पृश्याच्या डोक्याला कुठलाच न्हावी हात लावणार नव्हता. लक्षात घ्या, हे दारिद्र्याचं वर्णन नाही. पैसा असूनही वस्तरा मिळत नव्हता.

दुसरा प्रसंग प्रिटोरियाचा. गांधीजींनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये सांगितलं आहे की तिथल्या गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला. त्यांनी यंत्र विकत आणलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले. मागची बाजू अर्थातच बिघडली, कोर्टातले मित्र हसले. पुढचा विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, त्या न्हाव्याचा दोष नव्हता. काळ्या माणसाची सेवा केली असती तर त्याचं गिऱ्हाईक गेलं असतं. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का?

इथे न्हाव्याची कोंडीही दिसते. तो नकार देत होता, पण त्या नकाराची मालकी त्याच्याकडे नव्हती. जातपंचायतीने एखाद्याला वाळीत टाकलं की त्याचा न्हावी बंद, धोबी बंद. वस्तरा न्हाव्याच्या हातात, पण तो कुणाच्या गालाला लावायचा हे गाव ठरवणार.

याच वस्तऱ्याचं सर्वांत कठोर काम म्हणजे विधवांचं केशवपन. नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचं, आणि ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा. या प्रश्नाचा एक धागा सुरतेतून जातो. 1844 मध्ये इथे मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्यात दुर्गाराम मेहताजींबरोबर होते आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर, जे तेव्हा सुरतेत शिक्षक होते. विधवांच्या स्थितीवर बोलणाऱ्या गुजरातेतल्या पहिल्या माणसांत दुर्गारामांचं नाव घेतलं जातं. पुढे सुरतेतच लहानाचे मोठे झालेले बेहरामजी मलबारी यांनी 1884 मध्ये बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर टिपणं प्रसिद्ध केली. त्यांवरून देशभर वाद पेटला आणि 1891 चा संमतिवयाचा कायदा आला.

पण ही सगळी शिकलेल्या लोकांची चर्चा. ज्याच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता, त्याने काय केलं? सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. चारशे-पाचशे न्हावी जमल्याची बातमी लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत पोहोचली. ठराव असा की विधवांचं वपन यापुढे करायचं नाही. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे संघटक. त्याच 1890 च्या जूनमध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्याच प्रयत्नाने. नकार हे आजवर जातीचं हत्यार होतं. इथे न्हाव्यांनी तेच उचललं आणि रूढीवर उगारलं. माझ्या मते धोकटीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि जुन्या वस्तऱ्यांच्या कौतुकात ती क्वचितच ऐकू येते.

आता दुसरी परंपरा: दुधारी ब्लेड. ही मुळीच प्राचीन नाही. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकन फिरता विक्रेता. पातळ पत्र्याचं, वापरून फेकून द्यायचं पातं करावं ही त्याची कल्पना. जाणकारांनी सांगितलं, एवढ्या पातळ पोलादाला धार टिकणार नाही. विल्यम निकर्सन या अभियंत्याने पत्रा वाकडा न होऊ देता कडक करण्याची युक्ती बसवली. रेझरचं डोकं पाहा: पातं सपाट ठेवलेलं नसतं, वक्र टोपीखाली वाकवून आवळलेलं असतं. साधा कागद थोडा वाकवला की ताठ उभा राहतो, तेच तत्त्व. पात्याला ताठपणा मिळतो आणि धारेचा कोन ठरून जातो, जो न्हाव्याच्या मनगटाला वर्षानुवर्षं शिकावा लागायचा. 1903 मध्ये 51 रेझर आणि 168 ब्लेड खपली. 1904 मध्ये रेझरांचा आकडा 90,884 वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर घेतले. घरी परतलेला सैनिक स्वतःची दाढी स्वतः करायला शिकूनच आला.

आपल्याकडे ही वस्तू मुंबईच्या दुकानांतून नोकरदारांच्या घरात आली आणि स्वातंत्र्यानंतर ब्लेडही इथेच बनू लागली. मल्होत्रा कुटुंबाच्या कारखान्यांतली टोपाझ, ठाण्याची सुपरमॅक्स ही नावं जुन्या पिढीला पाठ आहेत. साबणाचीही अडचण सुटली होती. विलायती साबणात प्राण्यांची चरबी असे, ती अनेक घरांना चालत नसे. अर्देशिर गोदरेज यांनी 1919 च्या सुमारास वनस्पती तेलांचा साबण काढला.

या यंत्राचा आपल्या समाजात काय अर्थ झाला? ज्याला न्हावी नकार देत होता, त्याला आता न्हाव्याची गरज उरली नाही. ब्लेडचं पाकीट जात विचारत नव्हतं. दुसऱ्या बाजूने न्हावीही सुटला. गावात बलुतं मागण्याऐवजी त्याने शहरात खुर्ची मांडली, भिंतीला आरसा लावला, दर लिहिले आणि रोख पैसे घेतले. उधना, लिंबायत, डिंडोलीत मागांवर काम करायला खानदेशातून माणसं आली, तशी त्यांची दाढी करणारेही आले. सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय हे विचारायची सोय राहिली नाही. मी हे सगळीकडे लगेच झालं असं म्हणत नाही. खेड्यापाड्यांत दलितांना केस कापायला नकार दिल्याच्या बातम्या आजही येतात. पण बदलाची दिशा ही होती. आणि मजा बघा, आज सलूनमधल्या वस्तऱ्यात बसतं ते अर्धं मोडलेलं दुधारी ब्लेडच. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं आलं. दोन्ही परंपरा त्या एका मुठीत येऊन भेटल्या.

म्हणून शौकीनांना माझं एवढंच सांगणं आहे. रेझर जरूर जमवा, फेस जरूर काढा. गुळगुळीत दाढीचं सुख खोटं नाही, आणि महिन्याला फेकायच्या प्लॅस्टिकपेक्षा एक पितळी रेझर आणि दहा ब्लेड केव्हाही बरी. पण वस्तू जमवताना तिच्याबरोबरची माहितीही लिहून ठेवा. हा वस्तरा कुणाचा, कुठल्या गावचा, बलुतं किती मिळायचं, कोणत्या आळीत तो जात नव्हता, रोख पैसे घ्यायला कधी सुरुवात झाली. सुरतेत खानदेशातून आलेले सत्तरीचे नाभिक कारागीर अजून खुर्चीमागे उभे आहेत. दाढीला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते बरंच सांगतात. जुनी धोकटी उद्याही विकत मिळेल, या आठवणी मिळणार नाहीत. आपल्या मंडळाने या वर्षी सुरुवात तिथून करावी, असं मी सुचवतो.