तोक्योतील प्राणि-कॅफे : एका नागर संस्थेची पूर्वपीठिका

तोक्यो महानगरात तासाच्या हिशेबाने पैसे मोजून मांजरांच्या सहवासात बसण्याची सोय करणारी उपाहारगृहे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाली. आणि थोड्याच वर्षांत घुबड, ससा, हेजहॉग, पाणमांजर अशा नाना प्राण्यांची तशीच स्थळे त्यांच्यामागोमाग अस्तित्वात आली. प्रवासवर्णनांतून त्यांचा उल्लेख बहुधा एक गंमत म्हणून येतो. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र येथे एक निश्चित प्रश्न उभा राहतो. ही संस्था सर्वस्वी नवी आहे, की जपानी नागर जीवनातील एखाद्या जुन्या प्रवाहाचेच हे अलीकडचे रूप आहे? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एका मताप्रमाणे आधुनिक शहरातील एकाकीपणाचे हे अपत्य होय. दुसऱ्या मताप्रमाणे एदो काळातील प्राणिदर्शनाच्या चहागृहांची ही परंपरा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी करून तिसऱ्या एका पूर्वपीठिकेकडे लक्ष वेधावयाचे आहे.

प्रथम एदो काळाचा विचार करू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानच्या मोठ्या शहरांत 'कुजाकु-जाया' म्हणजे मोरांची चहागृहे आणि 'काचो-जाया' म्हणजे फुलापाखरांची चहागृहे निघाली होती. एदो (म्हणजे आजचे तोक्यो) येथे आसाकुसा आणि र्‍योगोकू या गजबजलेल्या भागांत ती होती. ओसाका येथील मोरांच्या चहागृहाचे चित्र १७९६ ते १७९८ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'सेत्त्सु मेइशो झुए' या स्थलवर्णनपर सचित्र ग्रंथात आढळते. प्रवेशाचे मूल्य देऊन आत यावे, चहा घ्यावा आणि परदेशातून आणलेले दुर्मीळ पक्षी पाहावेत, असा तेथील परिपाठ असे. परदेशी व्यापार नागासाकी बंदरातून मुख्यतः डच आणि चिनी व्यापाऱ्यांपुरता मर्यादित असल्यामुळे अशा पक्ष्याचे दर्शन हीच एक अपूर्वाई होती. १८२१ साली डच जहाजातून आलेली उंटांची जोडी १८२४ साली एदोत र्‍योगोकू येथे दाखविण्यात आली, तेव्हा तिला पाहण्यास लोटलेली गर्दी याच कुतूहलाची साक्ष देते. पुढे आसाकुसा येथे १८५३ साली 'हानायाशिकी' हे पुष्पोद्यान निघाले आणि मेइजी काळात तेथे प्राणीही आले. १८८२ साली उएनो येथे सरकारी प्राणिसंग्रहालय उघडले. अपूर्व प्राणी दाखविण्याचे कार्य अशा रीतीने चहागृहाकडून क्रमाक्रमाने संग्रहालयाकडे गेले.

चहा आणि प्राणी यांची सांगड दोन्हीकडे आहे, एवढ्यावरून आजचे मांजर-कॅफे हे त्या चहागृहांचे वंशज ठरविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य वरवरचे आहे. मोराच्या चहागृहात जे विकले जाई ते दर्शन होते आणि त्याचे मूल्य प्राण्याच्या दुर्मीळतेवर अवलंबून असे. मांजर हा तर जपानी शहरातील अत्यंत परिचित प्राणी. क्योतो येथे १६०२ साली मांजरे बांधून न ठेवता मोकळी सोडावीत असा हुकूम निघाला होता. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही मांजर हा नवलाचा नव्हे, नागरी व्यवस्थेचा विषय होता. जो प्राणी गल्लीबोळांतून फुकट दिसतो तो पाहण्यासाठी कोणी पैसे मोजणार नाही. तेव्हा मांजर-कॅफेत जे विकले जाते ते दर्शनाहून भिन्न असले पाहिजे, हे उघड आहे.

ते काय, हे पाहण्यासाठी जपानी कॉफीगृहाच्या इतिहासाकडे वळावे लागते. तोक्योतील पहिले कॉफीगृह म्हणून गणले जाणारे 'काहीसाकान' १८८८ साली उएनोजवळ निघाले. त्यानंतरच्या अर्धशतकात 'किस्सातेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉफीगृहांचा मोठा विस्तार झाला आणि त्यांच्यात एक विशेष प्रकार रूढ झाला. घरी बाळगणे परवडत नाही अशी एखादी वस्तू कॉफीगृहाने बाळगावी, आणि ग्राहकाने पेयाच्या किमतीत तिचा काही काळ उपभोग घ्यावा, हा तो प्रकार. याचे ठळक उदाहरण ग्रामोफोनच्या तबकड्यांचे. परदेशी तबकड्या आणि उत्तम ध्वनियंत्र ही सामान्य विद्यार्थ्याच्या वा नोकरदाराच्या आटोक्याबाहेरची गोष्ट होती. म्हणून पाश्चात्त्य अभिजात संगीताची आणि जॅझची कॉफीगृहे निघाली. शिबुया येथील १९२६ साली स्थापन झालेले 'लायन' हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. तेथे श्रोत्यांनी बोलू नये असा दंडक आहे. पुढे चित्रकथांच्या पुस्तकांची कॉफीगृहे निघाली आणि त्यांत पेयाऐवजी वेळेवर आकार घेण्याची पद्धत रूढ झाली.

मांजर-कॅफेची घडण नेमकी या साच्यातील आहे. मूळ कल्पना मात्र तोक्योची नव्हे. तैपेइ येथे १९९८ साली मांजरांचा वावर असलेले एक कॉफीगृह निघाले आणि जपानी प्रवाशांत ते लोकप्रिय झाले. २००४ साली ओसाका येथे 'नेको नो जिकान' (मांजराचा वेळ) आणि २००५ साली तोक्योच्या पश्चिमेकडील माचिदा येथे 'नेको नो मिसे' (मांजराचे दुकान) ही स्थळे उघडली. येथील रीत थोडक्यात अशी : दारात पादत्राणे काढावीत, हात धुवावेत, वेळेची नोंद करावी, झोपलेल्या मांजरास उठवू नये, बळाने उचलू नये, प्रकाशझोत टाकून छायाचित्र घेऊ नये. आकार वेळेवर, पेय हे बहुधा निमित्तमात्र. तोक्योतील भाड्याच्या अनेक सदनिकांत पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई असते, आणि दीर्घकाळ कचेरीत घालविणाऱ्या एकट्या माणसास प्राणी सांभाळणेही अवघड जाते. तबकडी घरी ठेवता येत नव्हती ती किमतीमुळे. मांजर ठेवता येत नाही ते भाडेकराराच्या अटीमुळे आणि वेळेच्या अभावामुळे. कारणे भिन्न, परंतु संस्थेने पुरविलेली सोय एकाच जातीची आहे.

एकाकीपणाच्या सिद्धांतात तथ्यांश आहे, पण तो अपुरा आहे. १९९० नंतरच्या आर्थिक मंदीच्या काळात 'इयाशी', म्हणजे मनाला विसावा देणारे सर्व काही, या शब्दाभोवती जपानात एक मोठी बाजारपेठ उभी राहिली, आणि मांजर-कॅफेने आपली जाहिरात त्याच शब्दाने केली. लॉरेन प्लूर्ड या अभ्यासिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांजर-कॅफेचा विचार या विसाव्याच्या बाजारपेठेच्या आणि भावनिक श्रमाच्या संदर्भात केला आहे. तथापि एकाकीपणा हा सर्वच महानगरांत आहे. त्यावर उपाय म्हणून वेळेच्या भाड्याची कॉफीगृहेच का निघावीत, याचे उत्तर केवळ मनःस्थितीतून मिळत नाही. ते संस्थेच्या इतिहासातूनच मिळते. नवी गरज जुन्या, तयार साच्यात ओतली गेली, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

परंतु या साच्यात एक अडचण दडलेली होती. तबकडी कितीही वेळा लावली तरी ती थकत नाही, मांजर थकते. हा भेद प्रथम ग्राहकांच्या नव्हे, तर कायद्याच्या ध्यानात आला, आणि या संस्थेच्या इतिहासातील खरे वळण तेथेच आहे. जपानमध्ये प्राण्यांच्या संरक्षणाचा व व्यवस्थेचा कायदा १९७३ साली झाला. २००५ च्या दुरुस्तीने प्राण्यांचा व्यवसाय करणाऱ्यांना नोंदणी आवश्यक झाली. या कायद्याच्या दृष्टीने मांजर-कॅफे हा 'प्रदर्शन' या वर्गात मोडतो. म्हणजे इतिहासाने ज्यास दर्शनाच्या परंपरेतून वेगळे केले, त्यास कायद्याने पुन्हा तिच्यातच बसविले. १ जून २०१२ पासून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात कुत्री व मांजरे प्रदर्शित करण्यास बंदी आली. या नियमाचा मुख्य रोख रात्री उशिरापर्यंत प्रखर दिव्याखाली पिल्ले मांडून बसणाऱ्या विक्रेत्यांवर होता. पण त्यात मांजर-कॅफेही सापडले.

येथे व्यवसायाचे मर्म उघडे पडले. कचेरीतून सुटलेला ग्राहक सायंकाळीच येतो. आठ वाजता दार लावावयाचे तर व्यवसायाचा कणाच मोडतो. मांजर हा स्वभावतः पहाटे व सायंकाळी अधिक जागरूक असणारा प्राणी आहे, असा चालकांचा युक्तिवाद होता. परिणामी एक वर्षाहून मोठ्या आणि खोलीत मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांपुरती रात्री दहापर्यंत सवलत मिळाली. ती आरंभी तात्पुरती होती. २०१६ साली ती दिवसाकाठी बारा तासांची मर्यादा घालून कायम करण्यात आली. त्याच वर्षी तोक्यो महानगर शासनाने जागेच्या मानाने अतोनात मांजरे कोंडून ठेवणाऱ्या एका स्थळावर व्यवसाय-स्थगितीची कारवाई केली. या वादात ग्राहकाची सायंकाळ आणि प्राण्याची विश्रांती ही दोन परस्परविरोधी मापे प्रथमच एका नियमात शेजारी शेजारी लिहिली गेली. एखाद्या प्राण्याचा 'कामाचा दिवस' किती तासांचा असावा, हे शासनाने ठरविण्याची ही घटना सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी आहे.

घुबडांची व इतर वन्य प्राण्यांची स्थळे मात्र या चौकटीत नीट बसत नाहीत. २०१२ च्या सुमारास निघालेल्या घुबड-कॅफेत निशाचर पक्षी दिवसाउजेडी पायास दोरी बांधून बैठकीवर ठेवलेला असतो. उठून निघून जाण्याची जी मुभा मांजराला असते ती त्यास नसते, आणि कुत्र्या-मांजरांपुरती केलेली रात्रीची बंदीही त्यास लागू नाही. येथे ग्राहक परिचित सहवासासाठी येत नाही. तो पुन्हा अपूर्वाईसाठी येतो. म्हणून घुबड-कॅफे हा मांजर-कॅफेचा विस्तार नसून मोराच्या चहागृहाकडे झालेले पुनरागमन आहे. फरक एवढाच की, मोर दुरून पाहिला जाई. घुबडास हात लावला जातो. या अपूर्वाईची किंमत दूरच्या अरण्यांनाही मोजावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जपानमधील अशा स्थळांत चारशेहून अधिक जातींचे प्राणी आढळल्याची नोंद आहे. जपानात मागणी वाढलेल्या लघुनखी पाणमांजराचा वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करारातील पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापार निषिद्ध असलेल्या प्राण्यांत, २०१९ साली समावेश झाला. हा प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत भारत होता. हे पाणमांजर आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील ओढ्यांतही राहते. म्हणून तोक्योतील एका खोलीचा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

शेवटी एका तुलनेचा उल्लेख करणे उचित होईल. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून दंगल झाली आणि १८३४ साली भुलेश्वर येथे पांजरपोळ स्थापन झाली. सर जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीचंद अमीचंद प्रभृतींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेचा खर्च देणग्यांतून आणि व्यापाऱ्यांनी मालावर स्वेच्छेने बसविलेल्या लागेतून चाले. शहरात प्राण्याचा योगक्षेम कोणी वाहावा, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते : पुण्यार्थ दान करणाऱ्याने. मांजर-कॅफेचे उत्तर वेगळे आहे : सहवास भोगणाऱ्याने. अलीकडे तोक्योत आश्रयगृहांतील निराधार मांजरे ठेवून ती कुटुंबांना देण्याची सोय करणारी कॅफे निघाली आहेत. त्यांत ही दोन उत्तरे एकत्र आलेली दिसतात. कारण तेथील प्राणी हा कायमचा कामकरी नसून जाण्याच्या वाटेवरचा पाहुणा असतो.

सारांश, तोक्योतील प्राणि-कॅफे या एकाच नावाखाली दोन भिन्न वंशांच्या संस्था वावरत आहेत. एक दर्शनाच्या चहागृहातून आली, दुसरी वेळ भाड्याने देणाऱ्या कॉफीगृहातून. त्यांचा सरसकट गौरव किंवा सरसकट निषेध करणारे लेखन हा भेद ध्यानात घेत नाही. कोणत्याही अशा स्थळाचे परीक्षण करताना तेथे काय विकले जाते आणि तेथील प्राण्यास उठून निघून जाता येते काय, हे दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. पहिल्याने त्या स्थळाचा वंश कळतो. दुसऱ्याने त्याची योग्यता.