रोहिणखेडची पांदण आणि बंद पडलेल्या वाटा

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला "कुठले?" असं विचारलं की गावाच्या नावाआधी तो "घाटावरचा" किंवा "घाटाखालचा" हे सांगतो. रोहिणखेड घाटाखालचं, मोताळा तालुक्यातलं. अजिंठ्याचा डोंगर उतरला की पायथ्याशीच. आज तिकडे कुणी मुद्दाम जात नाही. पण एके काळी खानदेशातून घाटावर चढणाऱ्या फौजा इथून जात, आणि म्हणूनच या गावाच्या शिवारात दोन मोठ्या लढाया झाल्या.

2022 च्या फाल्गुनात मामेभावासोबत तिथल्या पांदणींनी दिवसभर भटकलो. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून जाणारी बैलगाडीची वाट (पश्चिम महाराष्ट्रातले वाचक तिला पाणंद म्हणतात, वाद नको!). हरभरा निघालेला, पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, डोंगराच्या अंगाला पळस पेटलेला. तासभर चाललो तरी एक मोटारसायकल सोडली तर कुणी भेटलं नाही.

आता लढायांबद्दल. गंमत अशी की दोन्ही लढायांचं मूळ घरगुती भांडणात आहे.

पहिली 1437 ची. खानदेशच्या नासीरखान फारुकीची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाला दिलेली. सुलतानाचं मन संगमेश्वरच्या राजाच्या मुलीवर बसलं. थोरलीने बापाकडे तक्रार केली आणि बाप वऱ्हाडावर चालून आला! बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेडला गाठून मोडलं आणि पार बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटलं. लेकीचा संसार सावरायला निघालेल्या बापाची राजधानीच गेली.

दुसरी 1591 ची, ती तर बाप विरुद्ध मुलगा. अहमदनगरच्या गादीवर जमालखानाने इस्माईल या पोराला बसवलं होतं. जमालखान महदवी पंथाचा. इस्माईलचा बाप बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. मोगल फौज न घेता तो खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन आला. ऐन उन्हाळ्यात जमालखानाची फौज घाट उतरली, पाण्यावाचून तिचे हाल झाले, आणि लढाईत जमालखान गोळी लागून मेला. मुलगा कैदेत, बाप गादीवर. हाच दुसरा बुऱ्हाण निजामशहा, चांदबिबीचा भाऊ. पुढे पाचच वर्षांत, 1596 मध्ये, वऱ्हाड मोगलांकडे गेलं.

गावात 1582 ची दगडी मशीद आहे. महदवी पंथाच्याच खुदावंदखानाने ती बांधली. तिच्या सावलीत बसलो तेव्हा वाटलं, एवढं खर्चून मशीद बांधावी असं हे गाव त्या काळी असणारच. मग ते मागे का पडलं?

लढायांनी नाही. लढाया होतात, कारण वाट चालती असते. गाव मागे पडतं ते वाट दुसरीकडे वळते तेव्हा. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीमुळे मँचेस्टरला आपल्या कापसाची गरज पडली, आणि 1867 पर्यंत भुसावळहून मलकापूरमार्गे रेल्वे नागपूरला पोचलीसुद्धा. 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा खास कापसाच्या बाजारासाठी निघाला. जी गावं रुळांवर आली ती वाढली. घाटाच्या तोंडाशी बसलेल्या गावांकडे कुणाचं कामच उरलं नाही.

पण रुळही काही अमरपट्टा घेऊन येत नाहीत. त्याच आठवड्यात पहूरजवळ पाचोरा-जामनेरच्या नॅरोगेज रुळांच्या कडेने चाललो. 56 किलोमीटरची ही "पीजे" जवळपास शंभर वर्षं धावली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. रुळांत गवत, शेळ्या निवांत. तिची ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर झालं आहे, तेव्हा तिला पुन्हा जीव येईल. सगळ्याच वाटांचं नशीब असं नसतं.

मला चिंता वाटते ती पांदणीची. दरवर्षी दोन्हीकडून नांगर एकेक तास आत सरकतो. गाडीवाट होती ती पायवाट होते, आणि पावसाळ्यात मागच्या शेतकऱ्याला बैल न्यायला जागा राहत नाही. मग भाऊबंदकी, मोजणी, तहसील. सरकारने 2021 मध्ये पाणंद रस्त्यांसाठी योजना आणली, पण माती टाकायची तर आधी वाट जागेवर असावी लागते. ज्या शिवारात बाप-लेकाने गादीसाठी लढाई केली, तिथे आता भाऊ-भाऊ हातभर धुऱ्यासाठी भांडतात.

तर मंडळी, गावी जाल तेव्हा आपल्या शेताची पांदण एकदा चालून या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या आणि ती पूर्वी किती रुंद होती ते विचारा. हा इतिहास कुठल्याच बखरीत लिहिलेला नाही, आणि तो सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.