निळ्या प्रतीपासून मॉडेलपर्यंत: लहान कंत्राटदाराच्या वाट्याला आलेली फाइल

१/
इमारतीचा नकाशा कागदावर होता तोवर तो वाचायला डोळे आणि फूटपट्टी पुरत असे. मुख्य कंत्राटदार कितीही मोठा असो, त्याने धाडलेली निळी प्रत नळकाम करणाऱ्या चार माणसांच्या पेढीलाही उलगडता येई. नकाशा संगणकात गेला आणि ही समानता संपली. ती परत मिळवण्याच्या खटपटीचा हा थ्रेड.

२/
१९७५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन यांनी एक धाडसी कल्पना मांडली: रेखाचित्रांऐवजी संगणकातील इमारतीचे वर्णनच मूळ मानावे. भिंत म्हणजे दोन रेषा नव्हेत. जाडी, साहित्य आणि जागा असलेली ती एक वस्तू आहे. ती हलवली की आराखडे, छेद, मोजमापे सारे आपोआप बदलावे. आजच्या बीआयएमचे बीज येथे आहे.

३/
बाजारात मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने आपापली बंदिस्त फाइल-रचना घडवली. १९९४ मध्ये ऑटोडेस्कच्या पुढाकाराने १२ अमेरिकी कंपन्या एकत्र आल्या. पुढच्याच वर्षी हे मंडळ इतरांनाही खुले झाले. तेच आजचे बिल्डिंगस्मार्ट, आणि त्याने घडवलेली सामायिक रचना म्हणजे आयएफसी. (कुलपे विकणाऱ्यानेच सामायिक किल्लीच्या मंडळाची मुहूर्तमेढ रोवली, हे विसरू नये.) आयएसओ १६७३९ या क्रमांकाने पूर्ण आंतरराष्ट्रीय मानक व्हायला मात्र २०१३ उजाडले.

४/
दरम्यान २००४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने हिशेब मांडला. माहितीची देवाणघेवाण नीट न झाल्यामुळे तेथील मोठ्या इमारती व प्रकल्पांच्या क्षेत्राला २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला होता. तीच माहिती पुन्हा पुन्हा हाताने भरण्याचा खर्चही त्यात होता.

५/
ब्रिटनने २०११ च्या बांधकाम धोरणात सक्तीचा मार्ग धरला. एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना बीआयएम आवश्यक ठरले. मोठ्या कंत्राटदारांनी त्यासाठी स्वतंत्र विभाग उभारले. परंतु काम प्रत्यक्ष करतो उपकंत्राटदार, आणि त्याच्यापुढे परवान्याचा वार्षिक खर्च, शिकलेला माणूस आणि ताकदवान संगणक असा तिहेरी प्रश्न होता. शिवाय रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडतच नाही. मोठ्याने आवृत्ती बदलली की लहानाला खर्च आलाच.

६/
या कोंडीतून वाट काढणाऱ्या साधनांत सर्वांत साधे म्हणजे कोबी. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातील बिल ईस्ट यांनी २००७ च्या सुमारास ते घडवले. पंप कोणत्या खोलीत आहे, उत्पादक कोण, हमी किती वर्षांची, सुटे भाग कोणते, ही माहिती ठरावीक रकान्यांत. हा तक्ता एक्सेलमध्येही भरता येतो! त्रिमितीच्या युगात तक्ते भरणे मागासलेले वाटेल. पण लहान पेढीला दार उघडले ते याच मागासलेपणाने. ब्रिटननेही आपल्या सक्तीत कोबीचा समावेश केला.

७/
दुसरे साधन बीसीएफ. टेक्ला आणि सोलिब्री या फिनलंडमधील कंपन्यांनी ते २०१० च्या आसपास पुढे आणले. अख्खे मॉडेल न पाठवता फक्त अडचण पाठवायची: कोणती तुळई, कोणता डक्ट, पाहण्याचा कोन, एक चित्र आणि शेरा. २०११ मध्ये टेक्लाने बीआयएमसाइट हा मॉडेल पाहण्याचा प्रोग्रॅमही विनामूल्य दिला.

८/
तरीही पाहणे वेगळे आणि बदलणे वेगळे. आयएफसीतून आलेली भिंत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पुष्कळदा निव्वळ आकार म्हणून उतरते. तिचे मूळचे नियम मागेच राहतात. डक्टवाला ती पाहू शकतो, मोजू शकतो. बदल सुचवायचा तर स्वतःचा डक्ट स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा काढतो.

९/
जुलै २०२० मध्ये ऑटोडेस्कला खुले पत्र गेले. रेव्हिटच्या वाढत्या किमती आणि संथ सुधारणा ही त्यातील तक्रार. लिहिणाऱ्यांत झाहा हदीद आर्किटेक्ट्ससारख्या नामांकित ब्रिटिश पेढ्या होत्या. लहान उपकंत्राटदारांचे नाव त्यात नव्हते.